शंभर हातांचा विष्णू

खोट्या कागदाची परीक्षा कशी करावी, हे मराठी वाचकास नव्याने शिकविण्याचे कारण नाही. राजवाडे व भारत इतिहास संशोधक मंडळ यांनी आम्हांस सवयच लावून ठेवली आहे की, एखादी सनद पुढे आली असता अस्सल कोठे आहे, ती कोणाच्या दप्तरातून निघाली, भाषा काळाशी जुळते काय, हे प्रश्न आपोआप ओठांवर यावेत. परंतु जी कसोटी आम्ही पाटीलकीच्या वतनपत्रास लावतो, ती लाखो माणसांच्या जिवावर उठलेल्या एका कागदास लावावयास विसरतो, ही खेदाची गोष्ट होय. तो कागद म्हणजे ‘प्रोटोकॉल्स’ ह्या नावाने कुप्रसिद्ध असलेली, यहुदी वडीलधाऱ्यांच्या गुप्त बैठकीची म्हणविली जाणारी इतिवृत्ते.

ह्याच्याशी आमचा संबंध काय, असे कोणी विचारील. माटुंग्यास किंग्ज सर्कलच्या पदपथावर जुनी पुस्तके मांडलेली असतात. मुंबईतील अशा ढिगांत हिटलरचे आत्मचरित्र हटकून आढळते, आणि त्याची मराठी भाषांतरेही खपतात. १९२५ साली निघालेल्या त्याच्या पहिल्या भागात, वंशविषयक प्रकरणात, ह्या इतिवृत्तांची तरफदारी आहे. तेथील युक्तिवाद असा की, एक जर्मन वृत्तपत्र ती बनावट असल्याचा आक्रोश करते, त्या अर्थी ती अस्सलच असली पाहिजेत! आरोपीने आरोप नाकारला म्हणजे तो सिद्ध झाला, असे मानणाऱ्या न्यायासनापुढे कोणता निरपराध मनुष्य सुटेल?

आता कागदाचे दप्तर पाहू. तो प्रथम १९०३ साली सेंट पीटर्सबर्गच्या ‘झ्नाम्या’ पत्रात छापला गेला. १९०५ साली सर्गेई नीलुस याने तो आपल्या पुस्तकास जोडला. तो आपल्या हाती कसा आला, ह्याविषयी नीलुसच्या हकिकती परस्परांशी जुळत नाहीत. पुढे तर त्याने तो १८९७ च्या बाझल येथील अधिवेशनाशी जोडला. ते अधिवेशन उघड भरले होते व त्याचे कामकाजही छापलेले आहे. मूळ कागद कोणी कधीच पाहिला नाही.

१९२० च्या मे महिन्यात लंडनच्या ‘टाइम्स’ने ह्या मजकुराची गंभीरपणे दखल घेतली. त्याच पत्राचे कॉन्स्टँटिनोपल येथील बातमीदार फिलिप ग्रेव्ह्‌ज यांनी १९२१ च्या ऑगस्टमध्ये चोरी पकडून दिली. मोरिस झोली नामक फ्रेंच वकिलाने १८६४ साली तिसऱ्या नेपोलियनवर एक उपहासग्रंथ लिहिला होता. नरकात मॅकियाव्हेली व माँतेस्क्यू यांचा संवाद घडतो, अशी त्याची रचना. झोलीस पंधरा महिने तुरुंगवास घडला, प्रती जप्त झाल्या, आणि म्हणूनच चोरास तो ग्रंथ सोयीचा वाटला असावा. त्यात यहुदी कटाचा मागमूसही नाही. नॉर्मन कोन यांनी १९६७ साली दाखविल्याप्रमाणे इतिवृत्तांतील १६० हून अधिक उतारे, म्हणजे मजकुराचा सुमारे दोन पंचमांश भाग, झोलीवरून उचललेला आहे.

त्या उताऱ्यांपैकी एक आमच्या वाचकांस विशेष बोधप्रद वाटेल. झोलीचा मॅकियाव्हेली म्हणतो की, माझ्या ताब्यातील वृत्तपत्रांस विष्णूप्रमाणे शंभर हात असतील. इतिवृत्तांतील ‘वडीलधारे’ही नेमके तेच म्हणतात. विष्णू चतुर्भुज आहे, हे पंढरीच्या वाटेवरचे पोरही सांगेल. फ्रेंच वकिलाचे अज्ञान क्षम्य आहे. पण तेच अज्ञान, त्याच संदर्भात, यहुद्यांच्या ‘गुप्त’ बैठकीत कसे अवतरले? पाठचिकित्सेचा पहिला नियम हाच की, समान सत्यावरून नव्हे, तर समान चुकीवरून नक्कल ओळखावी.

ह्यावर काही सुशिक्षित म्हणतात, ‘कागद खोटा असेल, पण आशय खरा आहे.’ हिटलरचेही दुसरे म्हणणे हेच होते. परंतु आशय म्हणून जे उरते, ते नेपोलियनवरील टीकेतून उचललेले आहे. म्हणजे आरोपी बदलला, आरोपपत्र तेच राहिले. पुरावा गेला तरी जो विश्वास ढळत नाही, तो पुराव्यावर कधी उभाच नव्हता. त्या विश्वासाने पोसलेल्या द्वेषाची परिणती १९४१ ते १९४५ ह्या वर्षांत सुमारे साठ लक्ष यहुद्यांच्या संहारात झाली.

आणि यहुदी म्हणजे आम्हांस कोणी परके नव्हेत. कोकणात तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्रायल मराठीच बोलत आले. त्यांच्यापैकी दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत पहिले प्रार्थनामंदिर बांधले. त्यांच्या धर्मकथांची कीर्तनेही मराठीत झाली. जगावर राज्य करू पाहणाऱ्या कटात घाण्यावरच्या ह्या दिवेकर-पेणकरांची जागा कोणती, हे इतिवृत्तांच्या भक्तांनी सांगावे.

पुस्तक जप्त करा, असे आमचे म्हणणे नाही. जप्तीने झोलीचा ग्रंथ दुर्मिळ झाला आणि चोराचे फावले. भाषांतरकारांनी व प्रकाशकांनी त्या प्रकरणाखाली वरील हकिकतीची टीप छापावी, एवढीच आमची मागणी आहे. चार ओळींची ती टीप टाळणे म्हणजे खोट्या सनदेवर आपलाही शिक्का उठविणे होय.