मथळ्यात नसलेलं जालना

जालना जिल्ह्याची शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची छायाचित्रं पाहायची असतील, तर संग्रहांच्या सूचीत ‘जालना’ शोधून फारसं हाती लागत नाही. जिल्हा झाला १ मे १९८१ला. त्याआधी हा मुलूख औरंगाबाद नि परभणी जिल्ह्यांत वाटलेला होता आणि १९४८पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. त्यामुळे इथलं जुनं चित्र पाहताना आधी मथळा वाचावा, आणि मग त्याच्यावर फार विसंबू नये.

भोकरदन तालुक्यातलं अन्व्याचं देऊळ घ्या. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या हेन्री कझिन्सने त्याची दखल घेतली; दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरचा त्याचा ग्रंथ १९३१ साली निघाला. कझिन्सचा कॅमेरा म्हणजे मोजपट्टीचा भाऊ. देऊळ तो पुजाऱ्यासारखा पाहत नाही आणि वाटसरूसारखाही नाही. खांबाचा घाट, थरांची ओळ, नक्षीची खोली, जे नोंदवायचं ते त्याला स्वच्छ हवं असतं. पण या कोरडेपणातच त्याची खरी गोडी आहे. तिरप्या उन्हात कोरीव कामाला जो उठाव येतो तो कुठल्याही वर्णनात येत नाही. अन्व्याला तर हा उठाव फारच मोलाचा, कारण तिथल्या बाहेरच्या कोनाड्यांत विष्णूच्या शक्तिरूपांच्या मूर्ती आहेत. हातात आयुधं विष्णूची आणि देह स्त्रीचा. कोणत्या हातात शंख, कोणत्या हातात चक्र, यावरून रूप ठरतं. म्हणजे चित्रात एक हात अंधारात गेला की मूर्तीचं नावच गेलं. या चित्रांत माणसं विरळ का, याचं एक कारण तंत्रात आहे. मंडपाच्या काळोखात काचेच्या तबकडीवर प्रकाश उमटायला वेळ लागे, आणि तेवढ्या वेळात खांब हलत नाही, माणूस हलतो. तेव्हा निर्मनुष्य देऊळ पाहून ते ओस पडलं होतं असं समजायचं कारण नाही.

माणसं पाहायची तर दुष्काळाकडे जावं लागतं. संवत १९५६चा तो दुष्काळ, १८९९-१९००चा, लोकांच्या तोंडी ‘छप्पन्न्या’. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनच्या संग्रहात औरंगाबादेतल्या मदतकार्याची छायाचित्रं आहेत, राजा दीनदयाळ यांच्या स्टुडिओची. दीनदयाळ म्हणजे सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार. महाल, मेजवान्या, शिकारी हे त्यांचं नेहमीचं क्षेत्र. सरकारी धान्यवाटपासाठी जमलेल्या गोरगरिबांचं त्यांचं चित्र मी पुन्हापुन्हा पाहतो. जमिनीवर बसलेली माणसं, आणि ती इतकी की डोळा एका चेहऱ्यावर ठरत नाही. १८७६-७८च्या मद्रासच्या दुष्काळात विलोबी हूपर या लष्करी अधिकाऱ्याने हाडांचे सापळे झालेली माणसं कॅमेऱ्यासमोर मांडून बसवली होती. ती चित्रं पाहणाऱ्याला ओरबाडतात. दीनदयाळ तसं करत नाहीत. त्यांचा विषय भूक नाही, बंदोबस्त आहे. राज्य काम करतंय, हे व्हाइसरॉयला दिसावं, यासाठी ही चित्रं आहेत. म्हणून गर्दीला शिस्त आहे आणि चौकटीला दरबारी तोल. या तोलाचा मला आधी राग येत असे. आता वाटतं, हूपरने माणसांची अब्रू घेतली, दीनदयाळांनी निदान अंतर राखलं. मात्र त्या अंतरामुळे एक गोष्ट कायमची हुकली. जालन्याकडची, अंबडकडची, भोकरदनची कोणती माणसं त्या गर्दीत होती, हे मथळा सांगत नाही. त्याच सुमारास मनमाडकडून गोदावरी खोऱ्याची मीटरगेज रेल्वे इकडे येत होती, आणि या चौकटीबाहेर रूळ पडत होते.

तिसरा कॅमेरा स्कॉटिश मिशनचा. नारायण शेषाद्री यांनी १८४३ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली. जमीन निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळाली. १८७३ साली न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल परिषदेत ते पागोटं घालून उभे राहिले. मिशनच्या चित्रांचा साचा मात्र ठरलेला असतो: व्हरांडा, शाळकरी पोरींची रांग, कडेला मडम. वर्गणी देणाऱ्यांसाठी काढलेली ही चित्रं असतात, त्यामुळे मडमेचं नाव सापडतं, पोरींची नावं सहसा नाही. या चित्रांत रस घ्यायचा तर मधोमध पाहू नये. कुठली पोर हसू दाबतेय, कुणी पदर कसा खोचलाय, तिथे पाहावं.

आणि पिक्चर पोस्टकार्डं? अमेरिकेत अॅपालेशियन डोंगरांतल्या आडगावांचीही खऱ्या फोटोंची कार्डं मिळतात. गावची पेठ, गिरणी, पूर आलेला ओढा. १९०३ साली कोडॅकने थेट पोस्टकार्डाच्या मापाचा कॅमेरा काढला आणि गावचा हौशी माणूसच आपल्या गावाची कार्डं काढू लागला. मुंबईत क्लिफ्टन आणि फोटोटाइप या कंपन्यांची कार्डं खपत होती, पण गिऱ्हाईक साहेबलोक आणि प्रवासी. जालन्याला साहेब होते ते छावणीत, हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या. नेमक्या १९०३ साली कंटिंजंट ब्रिटिश हिंदी फौजेत विलीन झाली आणि छावणीची रया गेली. जगभर कार्डांचा हंगाम तेव्हा कुठे बहरात येत होता. ‘जालना, सोने का पालना’ म्हणवणाऱ्या या व्यापारी गावाकडे पैसा होता, कापूस होता, आडत होती. पण सरकीच्या ढिगाचं किंवा भरलेल्या बैलगाड्यांच्या रांगेचं कार्ड विकत घेऊन मावशीला धाडावं, असं इथे कुणाला वाटलं नसावं. आडत्याने कार्ड लिहिलंच, तर ते पाव आण्याचं, साधं, भाव कळवायला.