आचारी, आचार्य आणि गिटची नोंदवही

'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' या वाक्यांतला फरक मराठीच्या शिक्षकांना सांगायला नको. पहिल्या निरोपाने गुरुजी येतात, दुसऱ्याने स्वयंपाकी. हा फरक संगणकाच्या नोंदवहीत नीट टिकतो का?

अशी नोंदवही म्हणजे आवृत्ती-नियंत्रण. फाईलीतील कोणती ओळ कोणी, केव्हा बदलली याची ती नोंद ठेवते. लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी २००५ साली लिहिलेली 'गिट' ही यासाठीची सर्वात प्रचलित आज्ञावली. प्रयोगशाळेतील मोजमापांच्या फाईली मीही तिच्यात ठेवतो. आकड्यांबाबत माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती मराठी मजकुराबाबत.

समजा, खारघरच्या एक बाई आणि नेरूळचे एक सर मिळून भूगोलाची प्रश्नपेढी गिटमध्ये ठेवत आहेत. प्रश्नात 'दऱ्या' हा शब्द आहे. बाईंच्या कळफलकावर त्यातला अर्धा र 'ऱ' (युनिकोड क्रमांक ०९३१) आणि हलन्त यांनी बनतो. सरांच्या कळफलकावर तोच साधा 'र' (०९३०), हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह (२००डी) यांनी बनतो. यूटीएफ-८ या संकेतात यांपैकी प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणजे बाईंचा अर्धा र ६ बाइटांचा, सरांचा ९ बाइटांचा. पडद्यावर मात्र दोन्ही सारखेच!

गिट बाइट पाहते, अक्षर नाही. ती सांगते, 'ही ओळ बदलली.' जुनी ओळ लाल, नवी हिरवी, आणि डोळ्यांना दोन्हींत काडीचा फरक दिसत नाही. कोणी उत्साहाने 'अदृश्य चिन्हे काढून टाका' अशी साफसफाई केली, तर सरांच्या 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. डोंगरांमधल्या दऱ्यांच्या जागी समुद्र येतो!

यात गिटचा दोष किती? दिलेले बाइट जसेच्या तसे जपणे हा तिचा गुणच आहे. नोंदवहीने परस्पर शुद्धलेखन सुधारू लागणे धोक्याचे. पण बदल दाखवताना 'हा फरक दिसण्याचा नसून संकेताचा आहे' एवढे ती सांगत नाही, ही उणीव खरी. दुसरी उणीव यूटीएफ-१६ ची. फाईलीच्या पहिल्या ८,००० बाइटांत एकही शून्य बाइट आढळला, की गिट त्या फाईलीला मजकूर मानतच नाही. यूटीएफ-१६ मध्ये शब्दांमधल्या साध्या मोकळ्या जागेतही शून्य बाइट असतो. त्यामुळे अस्सल मराठी निबंधही तिला चित्राच्या फाईलीसारखाच अगम्य वाटतो. संकेत आधी सांगून ठेवण्याची सोय २०१८ मध्ये, २.१८ या आवृत्तीत आली. पण ती सांगणाऱ्यालाच उपयोगी.

खरी गुंतागुंत मात्र आपल्या घरची आहे. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक (आयएस १३१९४) १९९१ मध्ये आले, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी. तरी छपाईच्या कामात अनेक फाँटांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले. अशी फाईल गिटला निर्धोक वाटते, पण तो फाँट नसला की ती कोणालाच वाचता येत नाही. ती युनिकोडमध्ये आणली की प्रत्येक ओळ बदलते, आणि सगळे लेखन रूपांतर करणाऱ्याच्या नावावर जमा होते. म्हणून रूपांतराची नोंद वेगळी करावी, तिच्यात दुसरी कोणतीही दुरुस्ती मिसळू नये. २०१९ च्या २.२३ आवृत्तीपासून अशी नोंद वगळून मूळ लेखक शोधता येतो.

तात्पर्य, गिट वापरण्याजोगी आहे. पण 'साधा मजकूर' नावाची वस्तू जगात नाही, हे मुलांना आधी शिकवावे. गटाने एक संकेत आणि अर्ध्या र ची एक रीत ठरवावी. वर्गात एक प्रयोगही करता येईल. दोन वेगळ्या कळफलकांवर 'दऱ्या' लिहा आणि एकातला शब्द दुसऱ्या फाईलीत शोधा. तो सापडला नाही, तर धडा तिथूनच सुरू करावा.