साथीदाराचा अभिनय

पु. ल. देशपांडे (१९१९–२०००) यांचे स्मरण आपण विनोदी लेखक म्हणून करतो. त्यांच्यातील नटाचा आणि पेटीवादकाचा उल्लेख बहुधा गुणांची यादी पुरी करण्यापुरताच होतो. वस्तुतः हे दोन गुण वेगळे नाहीत. पुलंचा अभिनय हा साथीदाराचा अभिनय आहे, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्याचे मोल कळत नाही आणि मर्यादाही कळत नाही.

मराठी रंगभूमीला ही परंपरा नवी नव्हे. गोविंदराव टेंबे नामांकित पेटीवादक होते; ‘मानापमान’च्या (१९११) चाली त्यांच्या, आणि ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटातील हरिश्चंद्रही तेच. पुलंनी तो वारसा पुढे नेला. ‘गुळाचा गणपती’मध्ये (१९५३) कथा, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका या सर्व बाजू त्यांनी सांभाळल्या. भीमसेन जोशींनी गायिलेला त्यातील अभंग त्यांच्याच चालीतला आहे. मात्र ज्या आकाशवाणीत ते पुढे नोकरीस लागले, तेथे १९४० पासून पेटीलाच बंदी होती; ती १९७१ मध्ये अंशतः उठली. पेटीवर मींड निघत नाही, तिचे स्वर जागच्या जागी बांधलेले असतात, हा आक्षेप त्यामागे होता.

आक्षेप खरा आहे; परंतु चांगला साथीदार ही उणीव ऐकण्याने भरून काढतो. गायकाच्या मागोमाग जावे, त्याचा श्वास ओळखावा, योग्य जागी हात आवरावा, हे त्याचे शील. आपल्या चर्चमधील गायनवृंदाला पेटीची साथ करणाऱ्यांना हे निराळे सांगावयास नको.

आम्हां रत्नागिरीकरांना याचा प्रत्यय ‘अंतू बर्वा’त येतो. मधल्या आळीतला हा तिरकस म्हातारा टवाळीचा विषय सहज झाला असता. पुलंच्या आवाजातील ध्वनिमुद्रण लक्षपूर्वक ऐकावे. गावात वीज आली तरी अंतू ती घरात घेत नाही. उजेडात आपले दारिद्र्यच दिसावयाचे, असा त्याचा हिशेब. हे सांगताना पुलंचा स्वर कोठेही करुण होत नाही. बोलीचा हेल ते नेमका पकडतात आणि अंतूला त्याचे बोलणे पुरे करू देतात. श्रोता हसतो आणि मग त्या हसण्याने त्याचा तोच अवघडतो. येथे नट पात्राच्या पुढे धावत नाही, त्याच्या मागे बसतो.

‘बटाट्याची चाळ’च्या एकपात्री प्रयोगात (१९६१) मात्र पेटीची मर्यादाही जाणवते. प्रत्येक पात्र स्वच्छ, वेगळ्या पट्टीसारखे उमटते. पण एका मनोवस्थेतून दुसरीत घसरत जाणारा माणूस, दोन स्वरांमधला तो अंधार, तेथे क्वचितच भेटतो. दुष्टाव्याच्या खोल पाण्यात हा नट सहसा उतरत नाही.

म्हणून त्यांना थोर शोकनट ठरविण्याचा आग्रह नको. परंतु गरिबाचे बोलणे त्याची लाज राखून दुसऱ्यांपर्यंत पोहोचविणे ही लहान कला नव्हे. विनोदासाठी कोकणी माणसाचा हेल उसना घेणाऱ्या आजच्या नटांनी आधी अशी साथ करावयास शिकावे.