हिमालयावरचा पडदा

ई. एम. फॉर्स्टर यांची ‘द मशीन स्टॉप्स’ ही दीर्घकथा १९०९ मध्ये प्रसिद्ध झाली. माणसे भूगर्भातील षट्कोनी खोल्यांत एकेकटी राहतात. अन्न, हवा, संगीत, औषध सारे यंत्र पुरवते. परस्परांची भेट होते ती हातातल्या तबकडीवर उमटणाऱ्या प्रतिमेतून. २०२० च्या टाळेबंदीत ही कथा पुन्हा वाचली गेली आणि लेखकाच्या द्रष्टेपणाचे कौतुक झाले. ते रास्तच आहे. परंतु भाकीत म्हणून वाचली की या कथेतील भाषेविषयीची जाण निसटते, असे मला वाटते.

एकच प्रसंग पाहू. वाश्ती आपल्या मुलाला, कुनोला, भेटण्यासाठी हवाई जहाजाने निघाली आहे. खाली हिमालय येतो. डोंगरांच्या भेगांतला तो पांढरा पदार्थ कोणता, असे ती सेविकेला विचारते. सेविका त्याचे नाव विसरली आहे. हे पर्वत आपल्याला कोणतीही कल्पना सुचवीत नाहीत, तेव्हा ते झाकावेत, असे वाश्ती सांगते. यातला उपरोध कोणाही वाचकाला जाणवेल. भारतीय वाचकाला मात्र आणखी काही दिसते. निवेदक पर्वताचे नाव घेतो, पण त्या नावातले ‘हिम’ पात्रांच्या भाषेतून गेले आहे. ‘आलय’ तेवढे उरले आहे. फॉर्स्टर यांना ही फोड अभिप्रेत होती, असे म्हणण्यास आधार नाही. ते भारतात प्रथम आले १९१२ मध्ये, आणि देवासच्या थोरल्या पातीच्या मराठा संस्थानात महाराजांचे खाजगी चिटणीस म्हणून राहिले १९२१ मध्ये. तरीही अनुभव संपल्यावर शब्द कसा पोकळ होतो, हे त्यांनी अचूक टिपले आहे.

कृत्रिम जग खोटे असते, हा आक्षेप त्यामुळे मला पुरेसा वाटत नाही. खोटे तर साहित्यही असते. शिवाय फॉर्स्टर यांच्या त्या जगात एक व्याख्याता बजावतो की, प्रत्यक्ष अनुभवातून आलेल्या कल्पना टाळाव्यात. दहा तोंडांतून गाळून आलेले मत अधिक विश्वसनीय. हा टोला आम्हा समीक्षकांनाही बसतो. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ मी अनेक वर्षे शिकविले. त्यातील एक झाड महाविद्यालयाच्या आवारात आहे काय, असे एका विद्यार्थिनीने विचारले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही. त्या झाडाच्या प्रतिमेवर मी तासभर बोललो होतो.

उलट, आजची आभासी जगे नावे विसरायला लावतातच असेही नाही. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ (२०१८) या खेळात अमेरिकेतील वन्यप्राणी बारकाईने रंगविले आहेत. ब्रिटनमधील संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, हा खेळ खेळणाऱ्यांना खऱ्या प्राण्यांची छायाचित्रे इतरांपेक्षा अधिक चांगली ओळखता आली. म्हणजे सेविका जे विसरली ते येथे शिकविले जाते! ही गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. मग उणे काय राहते? फॉर्स्टर यांचे उत्तर कुनोच्या पायांत आहे. तो खोलीबाहेरच्या फलाटावर दमेपर्यंत येरझारा घालतो आणि ‘जवळ’ व ‘दूर’ हे शब्द पुन्हा कमावतो: जवळ म्हणजे जेथे मी माझ्या पायांनी लवकर पोहोचतो ते. खेळातला लांडगा ओळखता येतो, परंतु त्याच्या आणि आपल्यामध्ये दमण्याचे अंतर नसते. तो खेळणाऱ्यासाठीच तेथे असतो. रानातला लांडगा आपल्यासाठी नसतो.

एवढे मानूनही या कथेत एक उणीव मला खुपते. कुनोचा निसर्ग मुख्यतः पाहण्याचा आहे, राबण्याचा नाही. पृष्ठभागावरची विरळ हवा त्याला सोसत नाही, यंत्र त्याला फरपटत परत नेते, हे खरे. पण वेसेक्सच्या टेकड्या त्याला भेटतात त्या सौंदर्य आणि स्मृती म्हणून. त्याची आकाशाची ओढही अशीच आहे. हवाई जहाजातून त्याला काही तारे दिसले होते; त्यांत त्याला तलवार लटकावलेला माणूस दिसला आणि ते तारे भूपृष्ठावर उभे राहून पाहावेत असे त्याला वाटू लागले. तोच तारकासमूह आपण मृग म्हणून ओळखतो. परंतु आपल्या शेतकऱ्याचे त्याच्याशी नाते जडते ते जूनमध्ये, सूर्य त्या नक्षत्रात असताना, म्हणजे ते आकाशात मुळीच दिसत नाही तेव्हा. बियाणे घरात तयार असते, आणि तो मृगाच्या पावसाची वाट पाहत असतो.