चित्ररूप संगीतलेख आणि साधनाची निवड

चित्ररूप संगीतलेखासाठी अल्पखर्चाचे सॉफ्टवेअर कोणते, हा प्रश्न वरवर पाहता व्यवहाराचा वाटतो. वस्तुतः तो संगीतमीमांसेचा आहे. स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरने पाच रेषांची चौकट, निश्चित स्वर आणि मोजलेला काल ही गृहीते आधीच पत्करलेली असतात. चित्ररूप लेखाचा जन्म तर बव्हंशी याच गृहीतांविषयीच्या असंतोषातून झाला. म्हणून किमतीचा विचार करण्यापूर्वी, लेखातील चिन्ह कशाचे निदर्शक आहे, हे ठरविणे अगत्याचे आहे.

या दृष्टीने पाहता सर्व चित्ररूप लेख एका जातीचे नाहीत. मॉर्टन फेल्डमन यांच्या चेलोसाठी लिहिलेल्या ‘प्रोजेक्शन १’ (१९५०) मध्ये काल चौकोनांनी बांधलेला आहे. स्वराविषयी मात्र उच्च, मध्य, नीच एवढाच निर्देश आहे. अर्ल ब्राउन यांच्या ‘डिसेंबर १९५२’ मध्ये लहानमोठे आयत तेवढे आहेत. पान कोणत्या बाजूने वाचावे, हेही वादकावर सोपविलेले आहे. कॉर्नेलियस कार्ड्यू यांच्या ‘ट्रीटिज’ची (१९६३–६७) १९३ पृष्ठे म्हणजे रेषांचाच एक प्रदीर्घ प्रवाह होय. याउलट इआन्निस झेनाकिस यांच्या १९७७ च्या ‘यूपिक’ यंत्रात पटावर काढलेली रेषा संगणकाकरवी प्रत्यक्ष ध्वनीत परिणत होत असे.

यावरून निवडीचे सूत्र हाती येते. पहिल्या तीन प्रकारांना स्वरलेखनाच्या महागड्या सॉफ्टवेअरची गरजच नाही. ‘इंकस्केप’ हे विनामूल्य रेखाचित्रणाचे सॉफ्टवेअर त्यांना पुरते. फेल्डमनच्या चौकोनांसाठी त्यात जाळीही आखता येते. रेषेनेच ध्वनीचे नियमन करावयाचे असेल, तर यूपिकची परंपरा सांगणारे ‘यानिक्स’ विनामूल्य उपलब्ध आहे. मात्र ते ध्वनिनिर्मितीच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरला आज्ञा देते, हे ध्यानात ठेवावे. रूढ स्वरलिपी आणि चित्र यांचे मिश्रण असेल, तेथे ‘म्यूझस्कोर’ उपयोगी पडते. तेही विनामूल्य असून त्यात रेषा लपविता येतात व चित्रे बसविता येतात.

यावर एक आक्षेप संभवतो. रेखाचित्रणाच्या सॉफ्टवेअरला संगीत कळत नाही. ते लेख वाजवून दाखवीत नाही, की प्रत्येक वादकाचा भाग वेगळा काढून देत नाही. वृंदासाठी लिहिणाऱ्यास ही उणीव जाचक ठरेल, यात शंका नाही. परंतु ज्या लेखाचा अर्थ वादकाच्या निर्णयानेच पूर्ण व्हावयाचा, त्याचे यांत्रिक वादन ऐकवणे म्हणजे अनेक अर्थांपैकी एकाला अकारण प्रामाण्य देणे होय.

किंमत म्हणजे केवळ खरेदीचा खर्च नव्हे, हेही विसरता कामा नये. १९८८ पासून प्रचारात असलेल्या ‘फिनाले’चा विकास २०२४ मध्ये थांबविण्यात आला, तेव्हा त्यातील लेख अन्यत्र नेण्याचा प्रश्न अनेक रचनाकारांपुढे उभा राहिला. इंकस्केपचे लेख ‘एसव्हीजी’ या खुल्या प्रमाणात साठविले जातात. ते अन्य साधनांनीही उघडता येतात. स्वस्त साधन स्वीकारताना चिन्हावरील स्वामित्व रचनाकाराकडेच राहते की नाही, हीच अखेरची कसोटी मानावी लागेल.