बहात्तरांश हॉक

विमानाच्या किटमधला सूचनांचा कागद जवळजवळ मुका असतो. भागांचे क्रमांक, बाण, गोंदाच्या थेंबाची खूण, रंगाचा नंबर, झाले. शाळेत कन्नड, घरात मराठी आणि बाजारात दखनी बोलणारे बिदर जिल्ह्यातल्या मुडबीचे पोर हा कागद लंडनच्या पोराइतकाच नीट वाचेल. पण इथे वाचायचे म्हणजे जोडायचे, आणि जोडताना पायरीपायरीवर काहीतरी ठरवावे लागते. कागद सांगेल तेवढेच करणाऱ्याचे आणि कागद वाचून स्वतःच्या डोळ्याने चालणाऱ्याचे विमान शेजारी ठेवले की फरक लपत नाही. म्हणून अशा किटचेही रसग्रहण करता येते, असे मी मानतो.

त्यासाठी घेतले आहे एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचे १:७२ प्रमाणातले ‘हॉक १२८/१३२’. यातले १३२ म्हणजे आपल्या हवाई दलाचे हॉक, आणि त्याचे घर बिदर. २००४ मध्ये भारताने ६६ हॉकचा करार केला. २४ ब्रिटनमधून यायची होती, ४२ हिंदुस्तान एरोनॉटिक्सने इथे बांधायची होती. २००८ मध्ये ती बिदरच्या तळावर दाखल होऊ लागली आणि लढाऊ वैमानिक होऊ पाहणाऱ्यांची शिकवणी त्यांच्यावर सुरू झाली. नऊ विमानांचे ‘सूर्यकिरण’ हे हवाई कसरतींचे पथकही बिदरचेच. १९९६ मध्ये ते किरण विमानांवर उभे राहिले, २०११ मध्ये थांबले आणि २०१५ मध्ये हॉकवर पुन्हा उडू लागले. जर्मन रणगाडा किंवा अमेरिकी बॉम्बर जोडताना सगळी ओळख पुस्तकातून करून घ्यावी लागते. या भागात हॉक मान वर केली की भेटण्याजोगे विमान आहे.

आता प्रमाण. खरे हॉक १३२ सुमारे १२.४३ मीटर लांब. ७२ ने भागले की १७.३ सेंटिमीटर, वितीपेक्षाही कमी. हा ७२ चा आकडा फूट-इंचांच्या हिशेबाला सोयीचा: सहा फुटांचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो. १९३० च्या दशकात ‘स्कायबर्ड्स’च्या लाकडी किटांनी तो रुळवला आणि १९३६ मध्ये ‘फ्रॉग पेंग्विन’ने प्लॅस्टिकमध्ये नेला. मात्र त्याची खरी खुबी कळली युद्धात. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून पाच लाख लाकडी विमाने मागवली. प्रमाण १:७२, रंग सरसकट काळा. तोफेवरच्या जवानाला आपले आणि शत्रूचे विमान नुसत्या आकृतीवरून ओळखता यावे, एवढाच हेतू. असे विमान ३५ फुटांवर धरले की ते जवळपास अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढे दिसते. म्हणजे वस्तू लहान केली की ती आपोआप दूर जाते. टेबलावरचे किट आपण फूटभरावरून न्याहाळतो तेव्हा खऱ्या हॉकपासून ७२ फुटांवर उभे असतो. तिथून रिव्हेट दिसत नाहीत, कॉकपिटमधल्या घड्याळांचे आकडे दिसत नाहीत. नाकाचा कल दिसतो, कॅनोपीचा, म्हणजे कॉकपिटवरच्या काचेच्या झाकणाचा, फुगवटा दिसतो, शेपटीचे आडवे पंख बाहेरच्या टोकाला झुकलेले दिसतात. काय दिसू द्यायचे आणि काय गळू द्यायचे, हा निवाडा म्हणजेच या कामातले कसब. बाकीची हातोटी सरावाने येते.

हॉकपुरते बोलायचे तर सगळे विमान एका रेषेत आहे. नाकापासून ती चढत जाते, मागच्या खुर्चीपाशी तिचा माथा येतो आणि तिथून ती शेपटीकडे उतरते. पुढे शिष्य बसतो, मागे गुरू, आणि गुरूला शिष्याच्या डोक्यावरून धावपट्टी दिसावी म्हणून मागची खुर्ची उंच. हा उंचवटा घासताना बोथट झाला तर पुढे कितीही सुरेख रंगवा, हॉक हातून गेले. या किटकडे माझा ओढा आहे तोही यामुळेच. किटच्या खोक्यांवरच्या चित्रांनी आपल्याला एका ठराविक वीररसाची सवय लावली आहे. रॉय क्रॉस यांनी १९६४ पासून दहा वर्षे एअरफिक्ससाठी अशी चित्रे काढली, आणि पुष्कळांनी किट घेतले ते त्या चित्रांच्या मोहाने. हॉकवर तो रस नीट चढत नाही. शस्त्रे लावता येतात, पण विमानाची ठेवणच शिकवणीची आहे.

कॅनोपीच्या काचेवर एक नागमोडी रेघ असते. तो स्फोटक दोरा. विमान सोडायची वेळ आली तर आसन उसळण्याआधी तो काच फोडतो. सतरा सेंटिमीटरच्या विमानावर ही रेघ काढणे म्हणजे श्वास रोखून करायचे काम, आणि ती टाळण्याचा मोह होतोच. टाळू नये. ७२ फुटांवरून ती खरोखर दिसते.

उलट पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघा, म्हणजे पॅनेल लाइन, आपण गरजेपेक्षा जास्त दाखवतो. प्लॅस्टिकमध्ये कोरलेली रेघ पाव मिलिमीटर धरली तर खऱ्या विमानावर ती १८ मिलिमीटरची फट होते. इतक्या फटी असलेले विमान कोण उडवेल? तरी रेघा लागतातच, नाहीतर नजर कुठे ठरत नाही. प्रश्न उरतो तो त्यांत काळपट वॉश, म्हणजे पातळ केलेला रंग, किती भरायचा याचा. बिदरमध्ये याचे उत्तर शोधायला दुसऱ्या गल्लीत गेले तरी पुरे. बिदरीचा कारागीर जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेल्या भांड्यावर नक्षी कोरतो, खाचेत चांदी ठोकतो, घासून सपाट करतो आणि मग किल्ल्यातल्या मातीने भांडे काळे करतो. काळी पडते ती भोवतालची जमीन. चांदी उजळ राहते, कारण तिथे नक्षीसाठीच सगळा खटाटोप. मॉडेल करणारा जमीन उजळ ठेवून रेघ काळी करतो, आणि हात सैल सुटला की विमानाऐवजी रेघांचेच प्रदर्शन मांडून बसतो. पथकाचे विमान तर धुऊन-पुसून ठेवलेले असते. त्यावर काळा वॉश नकोच. करडा पुरे, तोही पुसून घेतलेला.

सूर्यकिरणचा लाल-पांढरा रंग वाटतो सोपा. आधी पांढरा द्यावा, पूर्ण वाळू द्यावा, मग टेप लावून लाल. टेपच्या कडेवरून पांढऱ्याचाच आणखी एक हलका हात फिरवला की कडेची फट बुजते आणि लाल आत झिरपत नाही. लहान वस्तूवर गडद रंग अधिकच गडद वाटतो, म्हणून तो किंचित उजळावा लागतो. पण लालमध्ये पांढरा घातला तर गुलाबी विमान तयार! नारिंगीचा थेंब घालावा.

पथकाची विमाने एकमेकांपासून पाच मीटरवर उडतात असे धरले, तर किटच्या हिशेबात सात सेंटिमीटर. नऊ हॉक टेबलावर मांडून पाहिली तर मध्ये ऐसपैस जागा आहे असेच वाटेल. अंतर ७२ ने भागता येते, वेग नाही, आणि इथे किट थकते. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘एअरो इंडिया’ या विमान प्रदर्शनाच्या आधीच्या सरावात बंगळुरूच्या येलहंका तळाजवळ सूर्यकिरणची दोन हॉक एकमेकांना धडकली, विंग कमांडर साहिल गांधी गेले. टेबलावरच्या सात सेंटिमीटरमधून यातले काही म्हणजे काही कळत नाही.

प्रदर्शनात विमान चाकांवर उभे असते, कॅनोपी उघडी, आणि परीक्षक वरून वाकून पाहतात. पोटाकडे कोण बघतो, असे म्हणून पोट उरकलेले असते. तुरीच्या शेतात उभ्या माणसाने मात्र हॉक कधी वरून पाहिलेले नसते. त्याच्यासाठी विमान म्हणजे पोटच: पंखांची बाह्यरेषा, मागच्या अंगाला एअरब्रेकची पट्टी, शेपटीखाली दोन आखूड पाती. मुडबीसाठी हॉक करायचे तर चाके आत घेऊन, छताला टांगूनच करावे. ते जास्त अवघड आहे. चाकांची दारे बहुतेक उघडी लावण्याच्या बेताने पाडलेली असतात. बंद करायची म्हणजे घासा, पुटी भरा, पुन्हा घासा, बुजलेली रेघ पुन्हा कोरा. विमान शेपटीवर बसू नये म्हणून नाकात शिसे कोंबण्याचे काम तेवढे वाचते. खुर्च्या मग रिकाम्या ठेवता येत नाहीत. दोन्ही माणसे बसवायची, मागच्याचे हेल्मेट पुढच्याच्या वर निघते ना हे बाजूने तपासायचे, आणि टांगायच्या दोऱ्याचे भोक रंग देण्याआधी पाडायचे. नंतर पाडले तर नेमका पाठीवरच रंगाचा टवका उडतो.