सिकाडा ३३०१ : कोडं उत्तम, पण संशोधनाचा सराव म्हणून?

पेट किंवा नेटच्या तयारीत असलेल्या वाचकांकडून गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला. ‘सिकाडा ३३०१ सारखी कोडी सोडवत बसलं तर संशोधनाची तयारी होते का?’ प्रश्न मला आवडला. यूट्यूबवरचे व्हिडिओ या कोड्याला ‘इंटरनेटवरचं सर्वांत मोठं गूढ’ म्हणून सोडून देतात आणि संशोधन-पद्धतीवर बोलणारे लोक त्याला ‘समस्या सोडवण्याचा आदर्श’ म्हणून डोक्यावर घेतात. कोडं म्हणून ते बरं आहे की वाईट, याची तपासणी मात्र फारसं कोणी करत नाही. ती इथे करू.

माझं मत आधीच सांगते. २०१२ चा पहिला भाग कोडं म्हणून उत्तम होता, आणि नेमक्या त्याच कारणामुळे तो संशोधनासारखा नाही. २०१४ पासून अडकून पडलेला भाग कोडं म्हणून बराचसा फसलेला आहे. पण त्याच्याभोवती हॅकर मंडळींनी जे काम केलंय, ते तुमच्या पहिल्या दोन वर्षांसारखं दिसतं.

आधी २०१२. जानेवारीच्या ४ तारखेला फोरचॅनवर काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांचं एक चित्र आलं. आम्हाला अत्यंत हुशार माणसं हवी आहेत, या चित्रात एक संदेश लपलाय, तो शोधा, अशा आशयाचं. सही फक्त ‘३३०१’. चित्राची फाइल नोटपॅडमध्ये उघडली की कचऱ्यासारख्या चिन्हांच्या शेवटी सम्राट टायबेरियस क्लॉडियस सीझरचं नाव आणि त्याच्यापुढे अक्षरांची एक अगम्य माळ. सीझर म्हटलं की अक्षरं सरकवायची, हे क्रिप्टोग्राफीच्या पहिल्या तासाला शिकवतात. किती घरं? क्लॉडियस हा रोमचा चौथा सम्राट, म्हणून चार.

आता इथे थांबा, कारण सगळी गंमत इथेच आहे. त्या माळेची सुरुवात ‘एल-एक्स-एक्स-टी’ अशी होती. प्रत्येक चिन्ह चार घरं मागे नेलं की ‘एच-टी-टी-पी’. पुढची विरामचिन्हंसुद्धा त्याच नियमानं सरकून वेबपत्त्यातला विसर्ग आणि दोन तिरप्या रेघा होतात. म्हणजे रोमन इतिहास माहीत नसला तरी चालेल. सगळी सरकवणी एकेक करून बघितली तरी बरोबर उत्तर दिसताक्षणी ओळखू येतं. कोणाला विचारावं लागत नाही, गाईडकडे जावं लागत नाही. उत्तर स्वतःच सांगतं की मी बरोबर आहे.

क्लॉड शॅननने १९४९ च्या त्याच्या निबंधात या गोष्टीला माप दिलं. सांकेतिक मजकूर किती लांब असला म्हणजे त्याचं एकच अर्थपूर्ण उत्तर उरतं? साध्या सीझरला दोन-तीन अक्षरं पुरतात. प्रत्येक अक्षराऐवजी मनाला येईल ते दुसरं अक्षर घेतलं असेल तर इंग्रजीत साधारण तीसेक अक्षरं लागतात. त्यापेक्षा मजकूर लांब असेल आणि तुमचं उत्तर वाचता येत असेल, तर ते योगायोगानं आलेलं नाही. आणि किल्ली संदेशाइतकीच लांब, पूर्णपणे यादृच्छिक आणि एकदाच वापरलेली असेल तर? तर हे अंतर अनंत. त्या लांबीचा कोणताही मजकूर ‘उत्तर’ म्हणून काढून दाखवता येतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पत्त्यावर गेल्यावर बदकाचं चित्र. सोबत ‘फसलात, इथे काही नाही’ अशा अर्थाचं वाक्य. पण त्या इंग्रजी वाक्यात ‘गेस’ आणि ‘आउट’ हे दोन शब्द पेरलेले, आणि चित्रात मजकूर लपवण्याच्या एका जुन्या सॉफ्टवेअरचं नाव ‘आउटगेस’. ते चालवलं की पुढची पायरी. मग माया संस्कृतीचे अंक, त्यातून किल्ली, एका जुन्या वेल्श कथासंग्रहातल्या मजकुरावरून सोडवायचा पुस्तक-संकेत, त्यातून अमेरिकेतला एक फोन नंबर. फोनवर रेकॉर्ड केलेला आवाज सांगतो की मूळ चित्राशी तीन मूळ संख्या जोडलेल्या आहेत. एक ३३०१, उरलेल्या दोन तुम्ही शोधा आणि तिघींचा गुणाकार करा.

मूळ चित्राची लांबी-रुंदी होती ५०९ आणि ५०३ पिक्सेल. दोन्ही मूळ संख्या. गुणाकार ८४५१४५१२७, आणि त्या नावाची वेबसाइट खरोखर अस्तित्वात होती. मला संपूर्ण कोड्यातली ही पायरी सर्वांत देखणी वाटते. पुरावा पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. त्याच्याकडे ‘पुरावा’ म्हणून बघायचं कारण तेवढं नव्हतं.

त्या साइटवर घड्याळ उलटं चाललं आणि ते संपल्यावर वॉर्सा, पॅरिस, सोल, सिएटल, मायामी अशा शहरांतली अक्षांश-रेखांश आली. तिथल्या विजेच्या खांबांवर क्यूआर कोडचे कागद चिकटवलेले. त्यातून विल्यम गिब्सनच्या ‘अग्रिप्पा’ या कवितेवर बेतलेला पुस्तक-संकेत (ही कविता १९९२ मध्ये एकदा वाचली की स्वतःला कुलूप लावून घेणाऱ्या फ्लॉपीवर निघाली होती, निवड झकास आहे) आणि शेवटी टॉर जाळ्यातला एक पत्ता.

इथवर सगळ्या पायऱ्यांचा साचा एकच दिसतो. इशारा अस्पष्ट, उत्तर मात्र निर्विवाद. शोधायला वेळ लागतो, तपासायला क्षण. थरावर थर असूनही कोडं कोसळलं नाही ते यामुळे. प्रत्येक थर पक्का झाल्याशिवाय पुढचा दिसतच नव्हता, त्यामुळे तिसऱ्या थरातली चूक सातव्या थरापर्यंत वाहत गेली नाही.

आणि म्हणूनच मी याला संशोधनाचा सराव म्हणायला कचरते. प्रबंधात अशी सोय कुठे असते? तिसऱ्या प्रकरणातलं गृहीतक चुकलंय, हे कळायला सहावं प्रकरण उजाडतं. बरोबर वाटेवर असताना कुठेही ‘एच-टी-टी-पी’ उमटत नाही. दुसरं असं की कोडं कोणीतरी आपल्यासाठी रचलेलं असतं. त्यातली प्रत्येक खूण मुद्दाम ठेवलेली असते. संशोधनात चित्राची लांबी-रुंदी बहुतेक वेळा नुसती लांबी-रुंदीच असते. कोड्यांवर वाढलेल्या डोक्याला प्रत्येक योगायोगात हेतू दिसायला लागतो आणि विदा तपासताना ही सवय फार महाग पडते.

शेवटाबद्दल एक तक्रार. टॉरच्या पत्त्यावर पहिले पोहोचलेले थोडे लोक घेतले आणि दार बंद केलं. कारण दिलं ते असं, की आम्हाला पुढे चालणारे हवेत, मागून येणारे नकोत. ऐकायला रुबाबदार आहे. पण कोडं फुटलं कसं? अनोळखी लोकांनी चॅटरूममध्ये अर्धवट तुकडे जोडून. वॉर्सातल्या खांबावरचा कागद सोलमध्ये राहणाऱ्याला एरवी दिसणार कसा? भूगोलच असा निवडला की सहकार्याशिवाय पुढे जाता येऊ नये, आणि मग सहकार्य करणाऱ्यांनाच ‘मागून येणारे’ ठरवलं. मला हा रचनेतला दोष वाटतो, तत्त्वज्ञान नव्हे.

आता लिबर प्रायमस. २०१४ च्या फेरीत या नावाचं एक पुस्तक हाती लागलं. रून लिपीत, म्हणजे जुन्या अँग्लो-सॅक्सन अक्षरांत, २९ चिन्हांत लिहिलेलं. लिपी अनोळखी असणं हे काही कूटलेखन नव्हे. मोडी वाचता न येणाऱ्याला पेशव्यांचा दफ्तरखाना गूढ वाटतो, तेवढंच ते. प्रत्येक रूनला एक मूळ संख्या दिलेली आहे, २ पासून १०९ पर्यंत. आपल्याकडच्या कटपयादी पद्धतीत अक्षराला अंक देतात, त्याची आठवण ज्यांना होईल त्यांनी योग्य धागा पकडलाय.

सुरुवातीची काही पानं सुटली. काही नुसत्या लिप्यंतरानं, काही अक्षरक्रम उलटा करून, काही किल्लीशब्द वापरून. पुढच्या मोठ्या भागात ५८ पानं आहेत आणि त्यातली जाहीरपणे वाचता आलेली फक्त शेवटची दोन. त्यातलं एक तर सरळ लिप्यंतर आहे. दुसऱ्याची किल्ली सुंदर आहे. मूळ संख्या ओळीनं घ्या, प्रत्येकीतून एक वजा करा आणि तेवढी घरं सरका. १, २, ४, ६, १०, १२... असं. २९ च्या पुढे गेलं की पुन्हा पहिल्यापासून.

वाचल्यावर काय निघालं? डीप वेबवर एक पान आहे, त्याचा हॅश हा असा, ते शोधणं प्रत्येक यात्रेकरूचं कर्तव्य. सोबत ५१२ बिटांची संख्या. हॅश म्हणजे मजकुराचा ठसा. मजकूर हातात असेल तर ठसा काढणं सेकंदाचं काम, पण ठशावरून मजकूर काढता येत नाही. म्हणजे तपासणी पक्की, पण शोधाला कुठलीच दिशा नाही. त्यात २०२१ मध्ये टॉरने जुन्या सोळा अक्षरी पत्त्यांची पद्धतच बंद केली. ते पान अशा पत्त्यावर असेल तर ते आता कोणालाच उघडणार नाही, आणि नव्या पत्त्यावर हलवलं असेल तर तशी सूचना कुठे नाही. ज्याची नाशवंतता रचणाऱ्याच्या ताब्यात नाही, अशा जागेवर कोड्याचा शेवट ठेवणं ही माझ्या मते बेफिकिरी आहे.

मधल्या काळात तोतये उदंड झाले. कोणीही निनावी जागेवर येऊन ‘आम्हीच सिकाडा’ म्हणायचं. त्यावर उपाय होता पीजीपी सही. ‘७ए३५०९०एफ’ या किल्लीची सही असेल तरच खरं मानायचं. ही शिस्त चांगली आहे आणि समुदायानं ती कसोशीनं पाळली. पण सही फक्त कोणी लिहिलं ते सांगते, लिहिलेल्यात दम आहे का ते नाही सांगत. जानेवारी २०१६ मध्ये सहीसकट एक संदेश आला. सारांश असा की लिबर प्रायमस हाच मार्ग, शब्द म्हणजे नकाशा, संख्या म्हणजे दिशा. सही खरी, मजकूर पोकळ. त्यातून चूक ठरू शकेल असं एकही विधान निघत नाही. मोठ्या नावाच्या जर्नलमधला लेख बघून हुरळणाऱ्यांनी (आपण सगळेच) हा फरक ध्यानात घ्यावा.

अशा दुष्काळात दोन प्रकारचे लोक तयार झाले. पहिला प्रकार अर्थ लावणाऱ्यांचा. पानांवरच्या झाडांची चित्रं, संख्यांच्या बेरजा, ब्लेकची चित्रं, पंथ, गुप्तसंस्था. शॅननचं ते वाक्य आठवा. किल्लीवर काही बंधनच ठेवलं नाही, तर कोणतंही उत्तर काढता येतं. यांच्यापैकी पुष्कळांनी पानं ‘सोडवली’ आहेत आणि प्रत्येकाचं उत्तर निराळं आहे.

दुसरा प्रकार मोजणाऱ्यांचा. माझ्या लेखी सिकाडाचं खरं काम यांनी केलं. त्यांनी न सुटलेल्या पानांतली रूनची वारंवारता मोजली. २९ ही चिन्हं जवळपास सारखीच येतात. इंग्रजीत ‘ई’ जसं पुढे धावतं तसं इथे काहीच नाही. म्हणजे साधा अक्षरबदल बाद आणि छोटा किल्लीशब्दही बाद. इतक्यावर कोणी म्हणेल की किल्ली यादृच्छिक आहे, सोडून द्या. पण त्यांनी आणखी एक गोष्ट मोजली. एकच रून लागोपाठ दोनदा किती वेळा येतो? पूर्ण यादृच्छिक मजकुरात दर २९ जोड्यांमागे एकदा, म्हणजे ३.४ टक्क्यांच्या आसपास यायला हवा. तो त्यापेक्षा खूपच कमी येतो. एवढ्या मोठ्या मजकुरात हे योगायोगानं होत नाही. कूटलेखनाची पद्धत काहीही असो, ती शेजारी-शेजारी सारखं चिन्ह टाळते आहे. कदाचित प्रत्येक अक्षराचं सरकणं आधीच्या अक्षरावर अवलंबून असेल, कदाचित रचणाऱ्यानं जोड्या मुद्दाम मोडल्या असतील. उत्तर नाही. पण ज्या कोणाला नवी पद्धत सुचेल, त्याला या आकड्याला उत्तर द्यावंच लागेल. काय काय करून बघितलं आणि चाललं नाही, याच्या नोंदीही याच लोकांनी ठेवल्या. मला हातात घ्यावंसं वाटतं ते हे, त्या गूढ व्हिडिओंपेक्षा शंभरपट.

ज्यांना करून बघायचंय त्यांनी ५८ पानांच्या नादी लागू नका. सुरुवातीचं स्वागताचं पान घ्या. त्याची किल्ली इंग्रजी ‘डिव्हिनिटी’ हा शब्द, रूनमध्ये लिहिलेला. प्रत्येक चिन्हातून किल्लीचं चिन्ह वजा करत जा. काही शब्द छान उमटतील आणि मग अचानक कचरा सुरू होईल. किल्ली बरोबर आहे, गणितही बरोबर आहे. भानगड अशी की मूळ मजकुरातला ‘एफ’ काही ठिकाणी तसाच उघडा ठेवलाय, आणि तिथे किल्ली एक घर पुढे सरकत नाही. हे मी सांगून टाकलं म्हणून सोपं वाटतंय. कचरा कोणत्या अक्षरापासून सुरू झाला तिथे बोट ठेवा, आणि तिथून मागे जात त्या पानावरचे असे सगळे ‘एफ’ कोणते ते स्वतः शोधा. छोटा पायथन प्रोग्राम लिहिलात तर एक दुपार पुरते, कागद-पेन्सिलनं दोन.